उजव्या मनगटाची साक्ष

ऑफिसात खुर्च्या चार आणि बायका अकरा, म्हणून सगळ्याजणी सतरंजीवर बसल्या होत्या. अ‍ॅडव्होकेट ललिता हिवराळेही टेबल सोडून त्यांच्यात येऊन बसली. जालन्याच्या मोंढ्यामागे, पंपदुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीत तिचं ऑफिस होतं. खालच्या ठोकाठोकीवर आवाज चढवून बोलायची सवय तिला वीस वर्षांत लागली होती आणि कोर्टातही ती सुटत नसे. त्यामुळे वकीलमंडळी तिला भांडकुदळ म्हणत. तिनं तो गैरसमज कधी दूर केला नाही, कारण त्याचा उपयोग होई.

"एकीनं बोला," ती म्हणाली. "कांताबाई, तुम्ही सांगा."

कांता खरात ही त्या अकराजणींतली बोलकी. तिनं पदर खोचला. "निर्गुणा तायडे आमच्याच सरीत व्हती. आठ नंबरच्या शेडनेटात. टमाट्याची कळी चिमट्यानं उकलायची, आतलं नराचं काढून टाकायचं, दुसऱ्या दिशी हातानं पराग लावायचा. मान मोडून जाती. त्या दिशी बारा वाजता ह्या द्वारकाचं कडं लाल झालं. ती जाऊन बसली सावलीला. निर्गुणा म्हनली, मलाबी गरगरतंय. सुपरवायझर म्हनला, कडं दाखव. हिरवं हाय. कर काम. अर्ध्या घंट्यानं ती झाडावर आडवी झाली. तिसऱ्या दिशी गेली."

खाली दुकानात कुणीतरी लोखंडावर घण घालत होतं.

कड्याची गोष्ट ललिताला ठाऊक होती; २०४३ साली ती कुणाला ठाऊक नव्हती? पाच वर्षांपूर्वी उष्मा संरक्षण कायदा आला आणि उघड्यावर किंवा शेडनेटात काम करणाऱ्या प्रत्येक मजुराच्या मनगटावर एक राखाडी कडं चढलं. अंगातली उष्णता धोक्याच्या रेषेपाशी आली की कडं लाल होतं, थरथरतं, आणि मालकाला वीस मिनिटं विश्रांती द्यावीच लागते. कायदा चांगला होता. तो यावा म्हणून ललितानं स्वतः मोर्चे काढले होते, पोलिसांच्या गाडीतही बसली होती. फक्त त्यात एक उलटं कलम होतं, ज्याकडे तेव्हा कुणाचं नीट लक्ष गेलं नाही. कडं हिरवं असताना काम थांबवलं तर तो कामचुकारपणा. तिघींहून जास्त जणींनी मिळून थांबवलं तर संगनमत.

"निर्गुणा गेल्यावर आमी ठरवलं," कांता म्हणाली. "कड्याचा भरवसा न्हाई. पर द्वारकाचं कडं बोलतं. तिचं लाल झालं की सगळ्यांनी बसायचं. पाच येळा बसलो. सहाव्या येळी हे आलं."

हे म्हणजे नोटीस. हरितबीज सीड्सनं अकराही बायकांची कामगार नोंद रद्द करून घेतली होती. तीन वर्षं त्यांना कुठल्या शेडनेटात पाऊल टाकता येणार नव्हतं, ऊसतोडीला जाता येणार नव्हतं, सरकारी कामावरही नाही. जिल्ह्यातलं प्रत्येक फाटक आता कडं वाचून उघडत होतं. द्वारका साळवेला तर म्होरकी ठरवलं होतं.

ललितानं द्वारकाकडे पाहिलं. चाळिशीची, काळीसावळी, हडकुळी बाई. शेतात घालतात तसा पुरुषी फुलबाह्यांचा शर्ट लुगड्यावर चढवलेला, बटणं गळ्यापर्यंत. सगळ्यांच्याच अंगात तसे शर्ट होते. ती एकटी आल्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

"नोंद परत मिळवायची," ललिता म्हणाली. "आणि निर्गुणाचं कडं खोटं बोललं हे सिद्ध करायचं. दुसरं केल्याशिवाय पहिलं होणार नाही."

*

कडं खोटं का बोलतं, हे तिला रझिया काझींनी समजावून सांगितलं. रझिया काझी म्हणजे कॉलेजात तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या बाई. त्यांच्यापुढे आजही ललिता हात पाठीमागे बांधून उभी राही.

"कड्याच्या पोटात एक हिरवा दिवा असतो," काझीबाई म्हणाल्या. "हृदयाचा ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्यांत रक्ताची लहानशी लाट येते. रक्त हिरवा प्रकाश गिळतं. लाट आली की परत येणारा प्रकाश किंचित कमी होतो, ओसरली की वाढतो. त्यावरून कडं ठोके मोजतं. ठोक्यांचा वेग आणि कातडीचं तापमान यांचं गणित करून शरीराच्या गाभ्यातली उष्णता काढतं. हुशारीचं काम आहे."

"मग चुकतं कुठे?"

"हिरवा प्रकाश फक्त रक्तच गिळतं असं नाही. आपल्या कातडीला काळेपणा देणारं मेलॅनिन तो वरच्या वर गिळून टाकतं. गोंदणाची शाई तर आणखी. रक्तापर्यंत पोचतोच थोडा आणि परत येतो त्याहून थोडा. त्यात हात सारखा हलता, घामेजलेला. कड्याला काही ऐकू येत नाही."

"ऐकू येत नसेल तर तसं सांगावं ना त्यानं!"

"तिथेच तर मेख आहे." काझीबाईंनी चष्मा काढला. "कडं सारखं बिघाड दाखवायला लागलं तर ते विकत कोण घेणार? म्हणून ऐकू येईना की ते अंदाज भरतं. अशा वयाची, असं काम करणारी सर्वसाधारण बाई या वेळी किती तापली असती, तेवढा आकडा. आता ही सर्वसाधारण बाई आली कुठून? कंपनीचे कागद मी पाहिले. प्रयोगशाळेत पट्ट्यावर चालवलेल्या साडेतीनशे स्वयंसेविका. त्यांना पंखा होता आणि पाणी होतं. निर्गुणाच्या मनगटावर शेवटच्या अर्ध्या तासात जो हिरवा दिवा होता, तो त्या बायकांचा होता."

ललिताला संताप आला. लहानपणी तिची आई तिला बेसन आणि साय लावून दारात उभी करी. रंग उजळला की बरं होईल म्हणे. आपला काळा रंग लग्नाच्या बाजारात आडवा येतो हे तिला दहाव्या वर्षी कळलं होतं. तो जिवावरही उठतो हे कळायला पंचेचाळीसावं उजाडलं.

कामगार न्यायालयात तिनं हे सगळं मांडलं. न्यायाधीश वसुधा कानडे यांनी मन लावून ऐकलं, दोनदा प्रश्नही विचारले. मग हरितबीजचे वकील कुलथे उठले. गोरेपान, मृदू बोलणारे, समोरच्याला सदैव मान देणारे गृहस्थ. ललिताला भांडखोर वकिलांची भीती वाटत नसे. या माणसाची वाटे.

"ताईंनी विज्ञान फार सुंदर सांगितलं," कुलथे म्हणाले. "मी फक्त एक नोंद दाखवतो. नावनोंदणीच्या वेळी प्रत्येक कामगाराचा चेहऱ्याचा फोटो घेतात, त्यावरून वर्णाचा अंक पडतो. एक म्हणजे अगदी उजळ, दहा म्हणजे अगदी गडद. निर्गुणा तायडे, अंक नऊ. द्वारका साळवे, अंकही नऊ. वय जवळपास सारखं, काम तेच, सरी तीच. दोघींच्या हातावर गोंदण आहे असं ताईच म्हणतात. आणि द्वारकाबाईंचं कडं दोन वर्षांत एकदाही चुकलेलं नाही. मग दोष वर्णाचा कसा? कडं त्यांच्याबाबतीत नीट चालतं, याचा अर्थ ते नीट चालतं."

ज्या बाईच्या कड्यावर बाकी दहाजणींनी भरवसा टाकला होता, तेच कडं त्यांच्या विरोधात उभं राहिलं होतं.

"बारा दिवस देते," न्यायाधीश म्हणाल्या. "या एका नोंदीचा खुलासा आणा, हिवराळे. नाहीतर अर्ज फेटाळण्यावाचून मला गत्यंतर राहणार नाही."

*

नवव्या दिवशी खुलासा सापडला, आणि ललितानं तो आपल्याच हातानं बिघडवून ठेवला.

कंपनीनं दिलेल्या नोंदींचा गठ्ठा ती पाचव्यांदा चाळत होती. अठ्ठेचाळीस बायका. कडं कोणत्या हाती आहे याचा एक बारीक रकाना होता, ज्याकडे पाहायचं काहीच कारण नव्हतं. डावा, डावा, डावा. उजव्या हातानं चिमटा धरायचा म्हणून कडं डाव्या हाती घाला, असं कंपनीच बजावत असे. सत्तेचाळीस डावे. आणि द्वारका साळवे, उजवा.

तिनं द्वारकाला बोलावून घेतलं. ती एकटीच आली, खुर्ची असताना सतरंजीवर बसली.

"द्वारकाबाई, तुम्ही डावखुऱ्या आहात?"

"न्हाई."

"मग कडं उजव्या हाती का घालता? चिमट्याला अडत नाही?"

"सवय हाय."

"सुपरवायझर बोलला नाही कधी?"

"बोलला. म्या ऐकलं न्हाई."

ललिता तिच्यासमोर उकिडवी बसली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट होती: उरलेले तीन दिवस. "दाखवा बघू," असं म्हणत तिनं द्वारकाचा उजवा हात धरला, बाहीचं बटण काढलं आणि बाही वर सारली. ज्या सहजपणे एखादी फाईल उघडावी, त्या सहजपणे.

मनगटावर, कडं बसतं नेमक्या त्या जागी, चार बोटं रुंदीचा पांढराशुभ्र डाग होता. कडा गुलाबीसर. तिथून तो आत कोपराकडे नदीच्या फाट्यांसारखा गेला होता. कोड.

ललिताला एका क्षणात सगळं समजलं. या डागात मेलॅनिन नव्हतंच. हिरवा दिवा इथे थेट रक्तापर्यंत जात होता. चेहऱ्याच्या फोटोत नऊ अंक असलेल्या या बाईचं मनगट प्रयोगशाळेतल्या कुठल्याही स्वयंसेविकेपेक्षा गोरं होतं. "अरे देवा," ती आनंदानं जवळजवळ ओरडलीच, "द्वारकाबाई, हेच ते!"

मग तिनं द्वारकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

द्वारकानं बाही खाली ओढली. बटण लावायला तिला तीनदा प्रयत्न करावा लागला. "अकरा वर्सं," ती म्हणाली. "अकरा वर्सं म्या कुनाला दिसू दिलं न्हाई. कडं मिळालं तवा म्हनलं, बरं झालं, झाकायला कायतरी भेटलं. म्हनून ह्या हाती घातलं. तुमी ईचारलंबी न्हाई, वकीलबाई."

ती जिना उतरून गेली. आपल्या हातून काय झालं हे ललिताला उशिरा, पण पुरतं कळलं.

*

दुसऱ्या दिवशी ती द्वारकाच्या गावी गेली. काळा कोट मुद्दाम घरी ठेवला, गाडी गावाबाहेरच लावली. दार द्वारकाच्या मुलीनं उघडलं. शिल्पा नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती, आणि ललिताला पाहताच तिनं दार अर्धंच ठेवलं.

"आई घरात आहे. पण आधी माझ्याशी बोला." ती बाहेर आली आणि दार मागे ओढून घेतलं. "माझ्या बापानं आईला कशापायी टाकलं माहीत आहे? ह्याच डागापायी. तेव्हा तो चवलीएवढा होता. मामाच्या गावावरून इथं आलो ते कुणाला कळू नये म्हणून. येत्या रविवारी माझ्या सुपारीची बैठक आहे. कोड घराण्यात उतरतं म्हणून लोक सोयरीक मोडतात. उतरतंच असं नाही, मी पुस्तकात वाचलंय, परीक्षेतही लिहिलंय. पण माझ्या होणाऱ्या सासूनं ते पुस्तक वाचलेलं नाही."

"मी ते कोर्टात वापरायला आलेले नाही," ललिता म्हणाली. "माफी मागायला आलेय."

शिल्पाला हे अपेक्षित नव्हतं. ती थोडी बाजूला झाली.

द्वारका चुलीपाशी भाकरी थापत होती. इथे घरात तिच्या बाह्या वर होत्या. ललिताला पाहून तिनं त्या खाली केल्या नाहीत, पण वरही पाहिलं नाही.

"माझं चुकलं, द्वारकाबाई," ललिता म्हणाली. "मला कायद्यानं तुमची वैद्यकीय तपासणी मागता येते. मी अर्ज केला तर कोर्ट हुकूम देईल आणि तुम्हाला हात दाखवावाच लागेल. मी तो अर्ज करणार नाही. मी हे कुणाला सांगितलेलं नाही, काझीबाईंनाही नाही. दुसरा काही मार्ग निघतो का पाहते."

"निगंल?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," ललिता म्हणाली. "बहुतेक नाही निघणार. वेगवेगळ्या बायकांवर प्रयोग केला तर कुलथे म्हणतील, प्रत्येकीचं शरीर वेगळं. एकच बाई हवी. एकच रक्त, एकच हृदय, आणि दोन मनगटं. तशी तुमच्याखेरीज दुसरी कुणी मला माहीत नाही."

द्वारकानं भाकरी तव्यावर टाकली, पाण्याचा हात फिरवला. "निर्गुणा सरीत मह्या शेजारीच व्हती," ती म्हणाली. "म्या सावलीत बसून तिच्याकडं बघत व्हते. मला वाटलं, मपलंच अंग नाजूक. मला कड्यानं उठवून बसवलं आन् तिला न्हाई. का न्हाई, ते आज कळलं." तिनं भाकरी उलटली. "जा तुमी आता. मला पोरीसंगं बोलू द्या."

ललिता परत निघाली. वाटेत तिनं मनाशी ठरवून टाकलं की खटला हरला तरी चालेल. पण हे काही खरं नव्हतं. अकराजणींची तीन वर्षं तिच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती. एकीचं झाकलेलं राखावं तर दहाजणी उघड्यावर येत होत्या. वकिली करताना असे पेच पुष्कळ आले होते, पण त्यातला एकही इतका साधा आणि इतका वाईट नव्हता.

*

अकराव्या दिवशी सकाळी आठालाच ऑफिसच्या जिन्यावर पावलं वाजली. पुढे शिल्पा, मागे द्वारका, आणि तिच्यामागे उरलेल्या दहाजणी. आपल्याला कशाला बोलावलंय हे त्यांना माहीत नव्हतं.

"आदी मह्या बायांनी बघायचं," द्वारका ललिताला म्हणाली. "कोर्टानं मागून. ह्यांना दुसरीकडून कळलं तर म्या त्यांच्या तोंडाकडं बघू शकनार न्हाई."

ती सतरंजीच्या मधोमध उभी राहिली आणि शर्टाची बटणं वरपासून खालपर्यंत काढली. शर्ट घडी घालून खुर्चीवर ठेवला. मग उजवा हात पुढे केला.

कुणी तोंडावर पदर घेतला, कुणी नुसतीच पाहत राहिली. म्हातारी सुभद्राबाई जराशी मागे सरकली, आणि ते सगळ्यांनी पाहिलं. शेवटी कांताच बोलली. "लागतं का गं हे?"

"दोन वर्सं मह्या डब्यातली भाकरी खातीस. लागलं का तुला?"

कांताचा चेहरा पडला. ती उठली, द्वारकाचा हात हातात घेतला आणि डागावरून अंगठा फिरवला, खरं आहे की नाही ते बघावं तसा. "ह्यो डाग बोलत व्हता व्हय आमच्यासाटी," ती म्हणाली, आणि रडायला लागली.

ललितानं कडं, प्रकाश, मेलॅनिन, सगळं त्यांना समजावून सांगितलं. त्यांना ते कोर्टापेक्षा लवकर समजलं.

"आणि रविवारची बैठक?" तिनं शिल्पाला हळूच विचारलं.

"मीच काल फोन केला. सांगितलं, माझ्या आईला कोड आहे, ती उद्या-परवा कोर्टात दाखवणार आहे, पेपरातही येईल. ते म्हणाले, कळवतो."

लग्नाच्या बोलण्यात 'कळवतो' म्हणजे काय, हे तिथल्या प्रत्येकीला माहीत होतं. शिल्पालाही. तिचे डोळे सुजलेले होते, पण आवाज घट्ट होता. "ताई, तुमचा अर्ज लिहायला घ्या," ती म्हणाली.

*

एकाच बाईच्या दोन्ही मनगटांवर कडं घालून पाहावं, या अर्जावर कुलथ्यांनी हरकत घेतली: कोर्टाच्या थंड खोलीत काही सिद्ध होत नाही. ललितानं ती लगेच मान्य केली. त्यामुळे मे महिन्याच्या एका दुपारी कामगार न्यायालय आठ नंबरच्या शेडनेटात येऊन उभं राहिलं. न्यायाधीश कानडे कोट आणि पांढऱ्या पट्ट्यांसकट, लघुलेखक, दोन्ही बाजूंचे वकील, कंपनीचा तंत्रज्ञ, सरकारी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाई, काझीबाई, शिल्पा आणि अकरा बायका. आत पाय ठेवला की हवा तोंडावर ओल्या फडक्यासारखी बसत होती.

डॉक्टरांनी सकाळीच द्वारकाला एक गोळी गिळायला दिली होती. ती पोटात फिरत राहते आणि आतलं खरं तापमान बाहेर कळवते. कड्याप्रमाणे अंदाज करत नाही. तंत्रज्ञानं कंपनीच्याच पेटीतून दोन नवी कडी काढून द्वारकाच्या दोन्ही हातांत घातली. डावा हात काळा, कोपरापर्यंत हिरव्या गोंदणानं भरलेला. उजव्याच्या मनगटावर पांढरा डाग. तिच्या अंगात शर्ट नव्हता, आणि सगळे तिच्याकडे पाहत होते. तिनं मान खाली घातली नाही.

"सुरू करा," न्यायाधीश म्हणाल्या.

अकराजणी सरीत उतरल्या. चिमटे चालू लागले. पहिल्या पंचवीस मिनिटांत काही झालं नाही. कुलथ्यांनी तीनदा कपाळ पुसलं. सदतिसाव्या मिनिटाला द्वारकाचं उजवं कडं थरथरलं आणि लाल झालं.

डावं हिरवं होतं.

"गोळी काय म्हणते?" न्यायाधीशांनी विचारलं.

"अडतीस पूर्णांक सात," डॉक्टर म्हणाल्या. "लाल बरोबर आहे."

"आणि डावं कडं?"

तंत्रज्ञानं आकडा वाचला, मग पुन्हा वाचला. "सदतीस पूर्णांक चार."

"कडी सदोष असू शकतात," कुलथे म्हणाले. त्यांचा आवाज आता तितकासा मृदू नव्हता. "अदलाबदल करावी, अशी विनंती आहे."

"करा," ललिता म्हणाली. द्वारकाला सावलीत नेऊन पाणी दिलं. गोळीचा आकडा खाली आल्यावर उजवं कडं डाव्या हाती आणि डावं उजव्या हाती घातलं, आणि काम पुन्हा सुरू झालं. या वेळी एकोणतीस मिनिटंच लागली. जे कडं मघाशी हिरवं राहिलं होतं, ते डागावर येताच लाल झालं. जे लाल झालं होतं, ते गोंदणावर हिरवं, शांत, समाधानी दिसत होतं. बाई तीच, रक्त तेच, उष्णता तीच.

काझीबाईंनी दोन्ही आकडे वहीत उतरवून घेतले आणि वही मिटली. समजावून सांगायची गरजच उरली नव्हती.

"न्यायालयाची परवानगी असेल तर," कुलथे म्हणाले, "विज्ञानात तीन वाचनं घेण्याचा प्रघात आहे. तिसऱ्यांदा एकदा—"

"बास," द्वारका म्हणाली.

तिनं हे कुणाला उद्देशून म्हटलं हे कळायला सगळ्यांना एक क्षण लागला. तिनं चिमटा सरीच्या कडेला ठेवला. "मपलं लाल झालंय. म्या बसले." आणि ती जाळीच्या सावलीत मातीवर बसली.

कांतानं आपल्या कड्याकडे पाहिलं. हिरवं. तिनंही चिमटा ठेवला आणि बसली. तिच्यामागून तिसरी. मग चौथी. सुभद्राबाई गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, द्वारकाला चिकटून बसली. हिरवी कडी घातलेल्या दहाजणी, ज्या गुन्ह्यासाठी नाव कापलं गेलं तोच गुन्हा, न्यायाधीशांच्या डोळ्यांदेखत, बिनदिक्कत करत होत्या. थांबवावं का त्यांना? हे रेकॉर्डवर जाणार होतं. मग तिनं हातातली फाईल मातीत ठेवली आणि ती पण जाऊन त्यांच्या ओळीत बसली.

सुपरवायझरनं सवयीनं तोंड उघडलं आणि मिटलं.

न्यायाधीश कानडे अजून उभ्याच होत्या. घामानं त्यांच्या गळ्याच्या पट्ट्या मानेला चिकटल्या होत्या, चेहरा लालबुंद झाला होता. त्यांनी कोट काढला, हातावर टाकला, इकडेतिकडे पाहिलं आणि रोपांच्या उपड्या क्रेटवर बसल्या.

"लिहा," त्या लघुलेखकाला म्हणाल्या. "काम थांबवण्याचं कारण न्यायालयानं स्वतः अनुभवलं. अकरा अर्जदारांची नोंद आजपासून पूर्ववत. या जिल्ह्यात यापुढे कड्याचा हिरवा दिवा हा बाई ठीक असल्याचा पुरावा धरला जाणार नाही. सरीतली एक बसली तर सगळ्यांनी बसायचं. निर्गुणा तायडे यांच्या मृत्यूचा अहवाल फेरचौकशीसाठी उघडावा." त्यांनी दम घेतला. "बाकीचं बाहेर गेल्यावर."

तोवर बाकीचेही एकेक करून बसले होते. कुलथे तेवढे हातात कागद घेऊन उभे होते, पुढे काय बोलावं ते आठवत असल्यासारखे.

"बसा हो वकीलसाहेब," कांता म्हणाली आणि सरकून तिनं आपल्या शेजारी जागा केली. "हितं हुबं राहून मरत्यात मानसं."

कुलथे बसले.